‘सेव्ह झालं’ असं लिहून येतं

४ मे, रविवार

औषधाच्या दुकानावरची खोली अखेर गटाला मिळाली. बाळसरांनी मालकाकडे शब्द टाकला आणि काम झालं. दुसरा मजला आहे, म्हणजे सावित्री नदी बाजारपेठेत शिरली तरी मशीन कोरडं राहील. महाडात खोली बघताना भाडं नंतर विचारतात, पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते आधी.

नव्या वहीचं पहिलं पान, म्हणून नीट लिहून ठेवते. बाळसर निवृत्त भूगोल शिक्षक. मदत गट त्यांनीच उभा केला. पोलादपूरच्या वरच्या कोंडांवर, म्हणजे डोंगरातल्या वाड्यांवर, पावसात दरड आली, तर कुठल्या घरात कोणाला उचलून आणावं लागेल हे आधीच माहीत असावं, एवढंच आमचं काम. घरोघर जाऊन विचारायचं आणि माहिती भरायची ते माझ्याकडे. प्रोग्रामचं आतलं काम रुचिरकडे. तो सरांचा भाचा आणि लोणेऱ्याच्या कॉलेजात माझ्या वर्गात होता. सकाळी मी क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवते, दुपारपासून इथे.

रुचिरने खुर्च्या लावल्या, चहा आणला, वर माझ्या ओढणीला लागलेला रंग टर्पेंटाइनने पुसून दिला. आईला हे सांगितलं नाही.

१० मे, शनिवार

मशीन कुणीतरी दान दिलेलं, म्हातारं. म्हणून रुचिरने सगळी माहिती मेमरीतच ठेवली आहे. नाव टाकलं की क्षणात घर सापडतं. पण वीज गेली की मेमरी कोरी होते. त्यासाठी मधूनमधून सगळंच्या सगळं डिस्कवरच्या फाइलीत उतरवून ठेवावं लागतं. तेही त्याने लिहिलंय. बटण दाबलं की खाली हिरव्या अक्षरांत ‘सेव्ह झालं’ असं लिहून येतं.

मी विचारलं, “फाइल जाते कुठे? मला दिसत नाही.”

“या मशीनची डिस्क खराब आहे, नीला. त्यावर लिहिलं तर कधी दगा देईल सांगता येत नाही. मी माझी बाहेरची डिस्क लावतो ना, तिच्यावर जाते.”

“आणि तू डिस्क घरी नेलीस की?”

“शनिवारी येतो तेव्हा आठवड्याचं सगळं उतरतं. तू काळजी करू नको. तू माणसं बघ, मी मशीन बघतो.”

स्वतःची डिस्क या कामासाठी वापरतोय. माझ्या डोक्यातही आलं नसतं.

१८ मे, रविवार

गणूबरोबर उंबरकोंडला गेले होते. गणू वीर स्टेशनवर रिक्षा चालवतो, पण रविवारी भावाची जीप घेऊन आमच्याबरोबर येतो. कुडपणच्या अलीकडे जीप सोडली आणि चालत गेलो. मुख्य वस्तीत काम झाल्यावर एकजण म्हणाला, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे वर एक घर आहे, खालून दिसत नाही.

त्या घरात सोनाबाई आणि तिचा नवरा काशीराम. मुंबईत गोदीवर होता. आता कंबरेखाली जीव नाही. खाटेवर पडल्या पडल्या माझ्याशी हिंदीत बोलायला लागला, मी साहेब वाटले असेन.

सोनाबाई म्हणाली, “काय लिवतेस गो त्या फोनात?”

“पावसात न्यायची वेळ आली तर यांना कसं न्यायचं ते.”

“मागं बी दोघंतिघं लिवून गेली. कोन येतं हितं?”

“या वेळी मी लिहितेय ना. येतील.”

तिने काशीरामाची कूस वळवून मला त्याची पाठ दाखवली. फोड उठले होते, काही फुटलेले. “खांद्यावं टाकतील, नायतर पाठीवं घेतील, आन् ह्ये वराडतील. झोळीत घाला म्हनावं.” मी तसंच लिहिलं: ‘उठता येत नाही. पाठीला जखमा. खांद्यावर घेऊ नये, झोळीतूनच न्यावं. घर वहाळापलीकडे, खालून दिसत नाही. कुत्रा भुंकतो, चावत नाही.’

निघताना तिने करवंदं दिली. ओंजळीत मावेनात, मग पदराच्या तुकड्यात बांधून दिली. रात्री सगळं मशीनवर चढवलं आणि गटाच्या नियमाप्रमाणे फोनातलं पुसून टाकलं.

३१ मे, शनिवार

रुचिरने डिस्क लावली आणि सगळं उतरवून घेतलं. म्हटलं, एक कॉपी माझ्या पेन ड्राइव्हवरही दे. “दोन कॉप्या झाल्या की कुठली खरी, हा गोंधळ होतो. एकच असू दे,” म्हणाला. बरोबर आहे, क्लासमध्ये मीच मुलांना हे सांगते.

उरलेले कोंड लवकर उरकायला सांगतोय. मी म्हटलं, इतकी घाई? तर म्हणाला, “पाऊस थांबतो का आपल्यासाठी?” उद्या पुण्याला चाललाय, कुणाचा तरी साखरपुडा आहे. निळा शर्ट चांगला दिसत होता. साखरपुड्याला लॅपटॉप कशाला नेतोस, म्हणून मी चिडवलं.

१५ जून, रविवार

आज फार बरं वाटतंय. रुचिरने तासभर बसवून मला विचारलं, ‘कसं न्यावं’ हा रकाना मला सुचला कसा, लोकांशी बोलायला मी सुरुवात कशी करते, एखादं घर खालून दिसत नसेल तर कळतं कसं. मी बोलत राहिले आणि तो लॅपटॉपवर लिहून घेत होता. माझं काम आजवर कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

आई म्हणाली, “तो ऐकतो की लिहून घेतो?” आईचं नेहमीचंच. वर्षानुवर्षं वस्तीवरच्या शाळेत शिकवल्यामुळे ती प्रत्येकाकडे परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलासारखं बघते.

२६ जून, गुरुवार

झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी जोराचा वारा सुटला. यूपीएस दोनदा ओरडला आणि गप्प झाला. त्याची बॅटरी संपत आलीये हे सगळ्यांना माहीत होतं. वीज परत आली, मशीन चालू केलं, प्रोग्राम उघडला. खाली तेच हिरवं ‘सेव्ह झालं’, आणि वर काही नाही. एकही घर नाही. उंबरकोंड टाकलं तरी रिकामं. मी तेच तेच नाव परत टाकत बसले.

रुचिरला फोन केला. त्याने मला ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “म्हणजे तिथे आता काहीच नाही?” मी म्हटलं, “काहीच नाही. पण तुझ्या डिस्कवर शनिवारपर्यंतचं आहे ना?” “बघतो,” म्हणाला. “तू कशाला हात लावू नको.”

२८ जून, शनिवार

त्याची डिस्कही गेली. उघडतच नाही म्हणे. पुण्यात कुणाला तरी दाखवली, त्यानेही हात टेकले. मी म्हटलं, मला बघू दे. तर म्हणाला, दुरुस्तीवाल्याकडेच राहिली.

मी खोलीत रडले. त्याने पाणी दिलं. म्हणाला, “सरांना मी सांगतो. तुझ्यावर येऊ देणार नाही.”

संध्याकाळी बैठक झाली. बाळसर म्हणाले, “मशीन बंद करायची पद्धत असते, नीला. वारा सुटल्यावर लगेच बंद करायला हवं होतं.” रुचिर खिडकीबाहेर बघत होता. बहुधा त्यालाही वाईट वाटत होतं. सगळ्यांसमोर मामाला कसं अडवणार?

गणू एकटाच बोलला. “वीज ताईनं घालवली काय?”

६ जुलै, रविवार

रुचिरला पुण्यात नोकरी लागली. आपत्तीच्या कामासाठी नकाशे बनवणारी कंपनी आहे. पेढे घेऊन आला होता. म्हणाला, हे सगळं आपल्याच कामामुळे झालं, नीला. ‘आपल्या’ म्हणाला, ते ऐकून बरं वाटलं. उद्या जातोय. यूपीएसची बॅटरी बदलायची राहिली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. आधी गाडीरस्त्यावरचे कोंड, मग वरचे. या वेळी फाइलीत उतरवण्याचा भाग मीच लिहिला, याच मशीनच्या डिस्कवर. बटण दाबलं, मग सरळ प्लग उपटला. परत चालू केलं, तर सगळं जागच्या जागी होतं. गंमत म्हणजे ही डिस्क चांगली चालते. रुचिरला फोनवर सांगितलं तर हसून म्हणाला, “तुझं नशीब.” खरंच नशीब म्हणायचं.

२० जुलै, रविवार

वरच्या रस्त्यावर माती आलीये, जीप जात नाही. उंबरकोंड राहूनच गेलं. आई मंगळवारी पनवेलला मोतीबिंदूसाठी जाणार, मलाही जावं लागेल. बाळसरांकडे गेले. म्हटलं, “मी नसेन तेव्हा वरच्या कोंडांचं काही झालं तर आपल्याकडे काहीच नाही, सर. मला आठवतंय तेवढं आज लिहून देऊ का?”

सर कसनुसे झाले. म्हणाले, “अगं, कशाला? तू दोन दिवसांत येशील.” मग फोन घेऊन गॅलरीत गेले. दाराआडून शब्द ऐकू आले: “ती विचारतेय… अरे, पण पावसाचं बघतोस ना तू… नाही, मी काही बोललो नाही.” आत आले तेव्हा नजरेला नजर देत नव्हते. विजेच्या माणसाशी वाद झाला असेल. सर त्यांच्याशी नेहमी भांडतात.

मला म्हणाले, “जा तू निर्धास्त.”

२६ जुलै, शनिवार, पनवेल

आईची पट्टी अजून निघालेली नाही. महाडकडची गाडी नाही, रस्ता बंद आहे, फोनही लागत नाहीत. उंबरकोंडच्या बाजूला दरड आली, एवढंच टीव्हीवर कळलं. वस्ती रिकामी केली, जीवितहानी नाही, म्हणतात.

‘वस्ती’ म्हणजे वहाळाच्या अलीकडची की दोन्हीकडची? गणूला इतक्या वेळा फोन लावला की नर्सने मला बाहेर काढलं.

२९ जुलै, मंगळवार

आज पोचले. गणू स्टेशनवर थांबला होता. त्याच्या तोंडाकडे बघूनच मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. तो वीरलाच अडकून पडला होता, त्यालाही हे नंतर कळलं.

बचावाची माणसं रात्री उंबरकोंडला पोचली, अंधारात लोकांना शाळेत हलवलं; पलीकडच्या दोघांनाही आणलं असेल असं वस्तीला वाटलं. त्यांनी आमच्या खोलीवर, तहसीलने पावसाळ्यापुरत्या दिलेल्या वायरलेसवर, विचारलं, आणखी कोण आहे का वर? खोलीत बाळसर होते. सर म्हणाले, आमच्या माहितीत नाही. माणसं उतरली.

सोनाबाई सकाळी एकटीच वहाळ ओलांडून खाली आली. भिंतीची अर्धी माती काशीरामाच्या खाटेवर आली होती, ती हातांनी उपसून. “माजा मानूस वर हाय,” एवढंच म्हणत होती म्हणे. मग पोरं वर धावली. घाईत खांद्यावर घेतला त्याला.

त्याला महाडच्या दवाखान्यात ठेवलंय. मी जाऊन आले. झोपेत होता. सोनाबाईने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

२ ऑगस्ट, शनिवार

काशीराम गेला. जखमा चिघळल्या, छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, वयही होतं.

रुचिरचा मेसेज आला: ‘ऐकून वाईट वाटलं. स्वतःला दोष देऊ नकोस.’ तोच एक आहे समजून घेणारा.

६ सप्टेंबर, शनिवार

सावकाश लिहिते, म्हणजे एक शब्द चुकायचा नाही.

रुचिरच्या कंपनीने आज महाडच्या हॉलमध्ये त्यांचा नवा प्रोग्राम अधिकाऱ्यांना दाखवला. बाळसरांनी गटाला बोलावलं होतं. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी गणू. रुचिर स्टेजवर, निळ्या शर्टात. म्हणाला, “ही माहिती आमच्याशिवाय कुणाकडेही नाही. मी स्वतः घरोघर फिरलो.”

पडद्यावर पोलादपूरच्या डोंगरांचा नकाशा आला, त्यावर लाल ठिपके. त्याने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मोठी अक्षरं उमटली. आधी गणूने वाचली, मग मी.

‘उठता येत नाही. पाठीला जखमा. खांद्यावर घेऊ नये, झोळीतूनच न्यावं. घर वहाळापलीकडे, खालून दिसत नाही. कुत्रा भुंकतो, चावत नाही.’

कुत्र्याचं वाचून लोक हसले. रुचिरही हसला आणि म्हणाला, “बघा, इतकी बारीक माहिती.”

माझी वाक्यं होती ती. माझीच. आणि पडद्यावर काशीराम अजून जिवंत होता, कुणीतरी येऊन न्यावं म्हणून लाल रंगात वाट बघत होता.

मी उभी राहिले. गणूने हात धरून बाहेर आणलं.

७ सप्टेंबर, रविवार

काल त्याला हॉलमागे गाठलं. तेही लिहून टाकते.

“डिस्क गेली होती ना, रुचिर?”

त्याने आजूबाजूला पाहिलं. “हळू बोल.”

“गेली होती की नाही?”

“नव्हती गेली. समजून घे, नीला. मुलाखतीत मी सांगून बसलो होतो की हे दुसऱ्या कुणाकडे नाही. मग तुमची वीज गेली. मी ती घालवली नाही. मी फक्त… परत दिलं नाही.”

“जुलैत पाऊस कोसळत होता. मी पहिल्यापासून घरं फिरत होते. तुला फोनवर रोज सांगत होते.”

“दिलं असतं तर कुठून आलं म्हणून तू विचारलं असतंस.”

“काशीराम मेला.”

“त्याचं वय होतं.” हे म्हणताना आवाज अगदी माझी समजूत घालतानाचा, त्या दिवशी पाणी देतानाचा. तेव्हाही हाच आवाज होता आणि तेव्हाही तो खोटं बोलत होता. मला तो आवडायचा. लिहून टाकते, म्हणजे निदान या वहीत तरी लपवाछपवी नको.

मग खिशातून ती डिस्क काढली. “सगळं आहे यात. तुमच्या मशीनवर घाल. फक्त कुठे बोलू नको, माझी नोकरी जाईल.”

मी डिस्क घेतली. काहीच कबूल केलं नाही. त्याला वाटलं केलं.

तिथून तशीच बाळसरांकडे गेले. वाटलं होतं, सर हादरतील. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. ते हादरले नाहीत, तेव्हा मला गॅलरीतला फोन उमगला.

“सर, तुम्हाला माहीत होतं.”

“पेढे दिले त्याच दिवशी सांगितलं त्याने मला. बहिणीचा एकुलता एक मुलगा, नीला. मी त्याला म्हणत होतो, देऊन टाक. आज देतो, उद्या देतो, करत राहिला.”

“वायरलेसवर विचारलं तेव्हाही तुम्ही त्याला फोन करू शकला असता.”

“लाइन लागत नव्हती.”

“त्याआधी जवळजवळ तीन आठवडे लागत होती.”

सर रडले. मी बसून राहिले. ज्यांना बघून मी या कामात पडले, त्यांना रडताना बघून मला काहीच वाटलं नाही, याची भीती वाटली.

१४ सप्टेंबर, रविवार

गटाच्या बैठकीत सगळं सांगितलं. पुरावा म्हणून डिस्क लावली आणि फाइल उघडून तारखा दाखवल्या. शेवटचं उतरवणं एकवीस जूनचं. सगळं शाबूत.

मला वाटलं होतं, गदारोळ होईल. दोघं उठून गेले. एकजण म्हणाला, आता उकरून काय उपयोग, तरण्या पोराचं नुकसान होईल. दुसरा म्हणाला, हे बाहेर गेलं तर गटाचं नाव खराब होईल. सर आले नव्हते. त्यांनी प्रमुखपद सोडल्याची चिठ्ठी पाठवली होती, कारण लिहिलं होतं तब्येत.

गणू म्हणाला, “जून म्हैन्यात वीज गेली तवा हिच्यावं ढकलताना कोनाला नाव आठवलं नाय काय?”

कंपनीला मी माझ्या नावाने कळवलं, आमच्या नोंदी त्या माणसांना न विचारता वापरल्या आहेत, काढून टाका. उत्तर आलेलं नाही. रुचिरने मला ब्लॉक केलंय. त्याच्या आईने बाजारात माझ्या आईला सुनावलं, तुमच्या मुलीला पुढे गेलेलं माणूस बघवत नाही. आई नव्या चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिली, म्हणे, आणि म्हणाली, “आता मला स्पष्ट दिसतं.”

२१ सप्टेंबर, रविवार

फाइल आमच्या मशीनवर घेतली, जुलैत नव्याने भरलेलं त्यात मिळवलं. आता सगळे कोंड आहेत. मग लॅपटॉपवर एक प्रत घेऊन गणूबरोबर निघाले. सोनाबाई खालच्या वाडीत दिराकडे राहते.

पडवीत बसली होती. मला पाहून बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी खाली बसले आणि सांगितलं. मेमरी, डिस्क वगैरे काही नाही. एवढंच की तुमच्याबद्दल मी जे लिहून नेलं होतं ते हरवलं नव्हतं. एका माणसाकडे होतं आणि त्याने ते दाबून ठेवलं. दुसऱ्याला माहीत होतं, तो गप्प बसला.

तिने विचारलं, “म्हंजे ते हुतं? आमी माती काडीत हुतो तवा बी हुतं?”

“होतं.”

“मी तुला शिव्या दिल्या गो. रोज दिल्या.”

तिने लॅपटॉपकडे हात केला. “त्यात ह्येंचं नाव हाय अजून?”

मी घर काढून दाखवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. कुत्र्याचं आलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, “बराबर लिवलंवतंस.”

मी विचारलं, “काढून टाकू का नाव?”

“नगो. ऱ्हाऊ दे.” मग माझ्याकडे वळून बसली. “खाली लिव, ठावं आसून कोनी आला नाय.”

मी लिहिलं. तिच्याच शब्दांत, जसं बोलली तसं. तिने परत वाचायला लावलं. मग मी ते फाइलीत उतरवलं, लॅपटॉप पूर्ण बंद केला, पुन्हा चालू केला आणि घर काढलं.

ओळ होती. तिला वाचून दाखवली.

“आता जात नाय ना?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.